हरिणाचे कान

परवा पुतण्याने आपले हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि म्हणाला, “काका, डोळे मिटून ऐका. हा खरा मर्लिन!” संगणकावर तो १९४० च्या हवाई युद्धाचा खेळ खेळत होता. मर्लिन म्हणजे स्पिटफायर विमानाचे रोल्स-रॉइस इंजिन, १२ सिलिंडरांचे आणि २७ लिटरांचे. जुन्या खेळांत म्हणे पिठाच्या गिरणीसारखा आवाज येई. हा मात्र भरदार होता, आणि खोटे कशाला बोलू, मला तो फार आवडला.

मागाहून मनात शंका आली, ती ‘खरा’ या शब्दाविषयी. खरा, पण कोणाच्या कानांना?

वैमानिकाच्या म्हणावे, तर तो बिचारा कातडी टोपी घालून, कानांवर बिनतारी यंत्राचे श्रवणक दाबून बसलेला. त्याला ऐकू येई ती एक जाड, अखंड घरघर. रसिकांना मोह पडतो तो बहुधा खालून ऐकलेल्या आवाजाचा. जतन केलेली विमाने प्रदर्शनांत डोक्यावरून जातात तेव्हाचा. तीही आज जपूनच उडवली जातात. इंजिनाचा पुरा जोर कोणी काढत नाही. म्हणजे आसन आकाशातले, कान जमिनीवरच्या प्रेक्षकाचे, आणि तो प्रेक्षकही शांततेच्या काळातला!

युद्धकाळात खालून ऐकणाऱ्यांचे निराळेच होते. जर्मन स्टुका विमानाच्या चाकांच्या पायांवर वाऱ्याने फिरणारा भोंगा बसवीत. विमान सूर मारू लागले की तो किंचाळे. उड्डाणाला त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. खालच्या माणसाचा धीर सुटावा, एवढ्याचसाठी तो होता. १९४४ च्या जूनपासून लंडनवर वैमानिकाविना उडते बॉम्ब येऊ लागले. इंजिन धडधडते आहे तोवर जिवात जीव. ते थांबले की बॉम्ब कोसळणार. तेथे सर्वांत भयंकर आवाज शांततेचाच होता.

खुद्द मर्लिनचेच पाहा. १९४० साली केंटमधल्या शेतकऱ्याला त्याचा आवाज म्हणजे रक्षणकर्त्याची चाहूल. तीच इंजिने, चार-चार, लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांना लावलेली, १९४३ च्या जुलैत हँबुर्गवर आली. तळघरात मुलाला कुशीत घेऊन बसलेल्या आईला ती काय वाटली असतील?

कोणी म्हणेल, भय कलेत आले की त्याचा भयानक रस होतो. त्याच्या आस्वादात पाप कसले? मान्य. परंतु अभिनवगुप्ताने त्या रसासाठी उदाहरण घेतले आहे ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातल्या हरिणाचे. बाणाच्या भयाने ते मान वळवून मागे पाहत धावते आहे. रस उपजतो तो त्या हरिणाच्या भयातून, राजाच्या नेमबाजीतून नव्हे. आमचा खेळ आपल्याला रथात बसवतो, रथाचा घोष बिनचूक ऐकवतो, आणि हरिणाला ठिपक्याएवढे करून टाकतो.

मग आवाज मुद्दाम खोटा करावा काय? मुळीच नाही. खोट्या आवाजाने कोणाच्या अंगी करुणा येत नाही. खेळणारा मुलगा क्रूर असतो असेही नव्हे. यंत्राच्या कारागिरीवर प्रेम करणे हा काही गुन्हा नाही. दोष अचूकपणाचा नसून, अर्ध्याच बाजूच्या अचूकपणाला सत्य म्हणण्याचा आहे. ध्वनी हुबेहूब उतरवता येतो. त्याचा अर्थ ऐकणारा कोठे उभा आहे यावर ठरतो. आणि ते ठिकाण विसरण्याची सवय एकदा जडली, की ती केवळ खेळापुरती राहील याची हमी कोण देणार?

डिसेंबर १९७१ मध्ये मी मुंबईत होतो, सात वर्षांचा. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लावलेले. एका रात्री भोंगा झाला, आईने दिवा मालवला, आणि दूर कोठेतरी विमानाची घरघर ऐकू आली. आम्ही चौघे श्वास रोखून बसलो. तो आवाज चांगला होता की वाईट, असा विचार कोणाच्या मनात आला नाही.

पुतण्याला हे सांगितले. त्याने खेळ थांबवला आणि विचारले, “मग ते विमान आपलं होतं की त्यांचं, काका?”

मी म्हटले, “अंधारात बसलेल्याला ते कसं कळणार, बाळा?”