जनादेशाचा अन्वयार्थ आणि अन्वयकाराची जबाबदारी

१

संहितेचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा समीक्षेतील जुना प्रश्न आहे. तो सहसा कविता-कादंबरीच्या संदर्भात विचारला जातो आणि त्याचे उत्तर चुकले तरी कोणाचे जगणे बिघडत नाही. ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतानंतर मात्र हाच प्रश्न राज्यव्यवहाराच्या केंद्रस्थानी आला. ब्रिटनने युरोपीय संघाचे सदस्य राहावे की संघातून बाहेर पडावे, एवढाच पर्याय मतपत्रिकेवर होता. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने आणि ४८.१ टक्के मते राहण्याच्या बाजूने पडली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. युरोपशी त्याचे नाते कसे असावे हा वाद मात्र त्यानंतरही शमला नाही. वरवर पाहता तो व्यापार, स्थलांतर आणि मासेमारी यांविषयीचा वाद आहे. त्याच्या मुळाशी मात्र एका अत्यंत लहान संहितेच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाला नैतिक बाजू आहे: दुसऱ्याच्या उक्तीचा अर्थ लावणाऱ्याने त्या अर्थाचे उत्तरदायित्व उक्ती करणाऱ्यावर टाकावे, की स्वतः स्वीकारावे?

२

शब्दसमूहाला वाक्यत्व येण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी आवश्यक असतात, असे भारतीय वाक्यविचार सांगतो. ‘बाहेर पडणे’ या क्रियेला अपादानाची आकांक्षा असते, आणि कशातून बाहेर पडायचे हे मतपत्रिकेने स्पष्ट केले होते. बाहेर पडून कोठे जायचे, हे मात्र तिने सांगितले नव्हते. व्याकरणदृष्ट्या वाक्य पूर्ण झाले, तरी राज्यव्यवहाराच्या दृष्टीने ते साकांक्षच राहिले. नॉर्वे युरोपीय संघाबाहेर असूनही संघाच्या एकल बाजारपेठेत सहभागी आहे; तुर्कस्तान संघाबाहेर असूनही त्याचा संघाशी सीमाशुल्क संघ आहे; कॅनडाचे संघाशी नाते प्रामुख्याने व्यापार करारापुरते आहे. हे तिन्ही देश ‘बाहेर’च आहेत. बाहेर पडण्याच्या बाजूने मत देणाऱ्या १ कोटी ७४ लाख मतदारांपैकी कोणाच्या मनात यांपैकी कोणती अवस्था होती, हे मतपत्रिकेवरील फुलीतून कळण्याचा मार्ग नव्हता.

ही उणीव भरून काढणे कोणाला तरी भागच होते. थेरेसा मे यांनी २०१६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानपद स्वीकारताना ‘ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट’ हे सूत्र लोकप्रिय केले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने अशी द्विरुक्ती नेहमीच सत्य असते, आणि म्हणूनच ती काहीही सांगत नाही. परंतु तिचे एक कार्य होते: अर्थ आधीच ठरलेला आहे, आता केवळ अंमलबजावणी उरली आहे, असा आभास ती निर्माण करीत होती. पुढे १७ जानेवारी २०१७ रोजी लँकेस्टर हाउसमधील भाषणात मे यांनी एकल बाजारपेठेतूनही बाहेर पडण्याचा मानस जाहीर केला. हा अर्थ निराधार होता असे म्हणता येत नाही. स्थलांतरावरील नियंत्रण हा प्रचारातील प्रमुख विषय होता आणि व्यक्तींचा मुक्त संचार हे एकल बाजारपेठेचे अंग आहे. मीमांसेच्या परिभाषेत बोलायचे तर ‘प्रकरण’ या प्रमाणाचा आधार त्याला होता. आक्षेप अर्थावर नाही. तो स्वतःचा अन्वय म्हणून न मांडता जनतेचे शब्दशः वचन म्हणून मांडला गेला, यावर आहे.

त्याची किंमत संसदेत मोजावी लागली. १५ जानेवारी २०१९ रोजी मे यांचा माघार करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. विरोधात मत देणाऱ्यांत संघाशी संपूर्ण फारकत हवी असणारे होते, तसेच बाहेर पडणेच अमान्य असणारेही होते. त्याच वर्षी २७ मार्च रोजी आठ पर्यायांवर मतदान झाले आणि एकाही पर्यायाला बहुमत लाभले नाही. एका शब्दाचे इतके अर्थ सभागृहात समोरासमोर आल्यावर ‘जनतेची इच्छा’ हा शब्दप्रयोग प्रत्येक पक्षाला हवा तसा वापरता येऊ लागला.

३

विम्सॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा अर्थनिर्णयाचा निकष मानण्यास विरोध केला. उलट हर्श यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या आशयाशी बांधलेला स्थिर ‘अर्थ’ आणि काळानुसार बदलणारे त्याचे ‘महत्त्व’ असा भेद करून लेखकाला पुन्हा प्रतिष्ठा दिली. या दोन्ही भूमिकांना एक गृहीत समान आहे: लेखक आहे, आणि तो एक आहे. सार्वमताच्या संहितेला असा लेखक नाही. मतदान सुमारे ३ कोटी ३५ लाख व्यक्तींनी केले. इंग्लंड आणि वेल्सने एक उत्तर दिले, स्कॉटलंडने आणि उत्तर आयर्लंडने दुसरे. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूची होती.

‘जनता’ या कर्त्याच्या सीमाही कायद्याने आखलेल्या होत्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता. संघातील बहुसंख्य देशांच्या तेथील नागरिकांना तो नव्हता. या रेषेचे स्वरूप गोव्याच्या संदर्भात विशेष स्पष्ट होते. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, स्थायिक झालेल्या गोमंतकीयांची संख्या मोठी आहे. एकाच गावातून आलेल्या दोघांपैकी भारतीय नागरिक राहिलेला गोमंतकीय मतदार म्हणून ‘जनते’त मोडत होता. पोर्तुगीज पारपत्र घेतलेला त्याचा शेजारी मोडत नव्हता. आणि संघाबाहेर पडल्यावर वास्तव्याच्या हक्कासाठी नव्याने अर्ज करण्याची वेळ मात्र त्या शेजाऱ्यावरच आली. मताधिकाराची रेषा कोठे तरी आखावीच लागते, हे खरे. परंतु आखलेल्या रेषेतून निर्माण झालेला कर्ता हा नैसर्गिक, एकसंध आणि एकमुखी आहे असे मानणे हा निव्वळ कल्पनाविलास ठरतो.

लेखकाला विचारता येत नसेल तेव्हा काय करावे, याचा सूक्ष्म विचार मीमांसकांनी केला. वेद अपौरुषेय मानल्यामुळे वक्त्याच्या हेतूचा आश्रय त्यांना घेता येत नव्हता. म्हणून श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी बलाबलाच्या क्रमाने प्रमाणे त्यांनी निश्चित केली. अन्वयकाराची मनमानी रोखणारे नियम त्यामुळे अन्वयापूर्वीच उपलब्ध झाले. ब्रिटनमध्ये नेमका याचाच अभाव होता. निकालानंतर सरकारने काय करावे, हे २०१५ च्या सार्वमत कायद्यात सांगितलेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने सार्वमत सल्ल्यापुरते होते. घरोघरी वाटलेल्या सरकारी पत्रकात मात्र निर्णयाची अंमलबजावणी करण्याचे आश्वासन होते. माघारीची प्रक्रिया सुरू करण्यास संसदेची संमती आवश्यक आहे, असा निर्णय २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा एका मोठ्या खपाच्या दैनिकाने न्यायमूर्तींना ‘जनतेचे शत्रू’ ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या जानेवारीत तोच निर्णय कायम केला. न्यायालयांनी संहितेचा अर्थ सांगितला नव्हता. तो लावण्याचे स्थान कोणते, एवढेच सांगितले होते.

४

येथे एक गंभीर प्रतिवाद लक्षात घ्यावा लागतो. अर्थबहुलतेची भाषा ही पराभूतांची सोय आहे, असे बाहेर पडण्याचे समर्थक म्हणत आले, आणि युरोपच्या इतिहासात त्यांना आधार आहे. डेन्मार्कने १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट करार नाकारला. काही सवलती देऊन १९९३ मध्ये तेथे पुन्हा मतदान झाले. आयर्लंडने २००८ मध्ये लिस्बन करार नाकारला. २००९ मध्ये पुन्हा मतदान झाले. फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी २००५ मध्ये युरोपीय राज्यघटना नाकारली. तिच्यातील बराचसा आशय लिस्बन करारात आला. ‘नाही’ या शब्दाचा अर्थ ‘अजून नाही’ असा लावणारी ही परंपरा पाहिलेल्या मतदाराला अन्वयार्थ या शब्दाचाच संशय आला, तर त्याला दोष देता येणार नाही. अर्थ अनिश्चित आहे म्हणून उक्ती निर्बंधक ठरते, असा निष्कर्ष काढणे म्हणजे वचनभंगच होय. बाहेर पडण्याचे वचन पाळले जाणे आवश्यक होते. परंतु वचन पाळणे आणि वचनात नसलेले त्यात घालणे, या दोन भिन्न कृती आहेत.

उत्तर आयर्लंडच्या संदर्भात हा पेच अधिक तीव्र होतो. १९९८ च्या शांतता कराराला तेथील ७१ टक्के मतदारांनी सार्वमताने संमती दिली होती. आयर्लंडमधील सीमा खुली राहणे हा त्यानंतरच्या शांततेचा आधार बनला. म्हणजे २०१६ च्या जनादेशाच्या आधी तेथे दुसरा जनादेश उभा होता. दोन जनादेशांचा विरोध परिहारावाचून मिटत नाही आणि परिहार करणारा जनतेच्या नावामागे लपू शकत नाही. २०२३ च्या विंडसर चौकटीपर्यंतच्या वाटाघाटी या परिहाराच्याच कष्टप्रद आवृत्त्या होत.

५

२०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने एकल बाजारपेठ, सीमाशुल्क संघ आणि मुक्त संचार यांत परतणे आधीच नाकारले होते. १९ मे २०२५ रोजी त्याच लँकेस्टर हाउसमध्ये झालेल्या परिषदेत संरक्षण भागीदारी ठरली. ब्रिटनच्या सागरी क्षेत्रात संघाच्या नौकांना २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा मिळाली. खाद्यपदार्थांच्या व्यापारासाठी संघाच्या नियमांशी मेळ राखण्याची दिशा मान्य झाली. काहींना हा जनादेशाचा विश्वासघात वाटला, काहींना अपुरी दुरुस्ती. दुसरीकडे, बाहेर पडणे चूक होती असे मानणाऱ्यांचे प्रमाण अलीकडच्या वर्षांतील बहुतेक जनमत चाचण्यांत अधिक आढळते. त्याआधारे पुनःप्रवेशाचे समर्थक आता ‘जनतेची इच्छा’ आपल्या बाजूने उद्धृत करू लागले आहेत.

म्हणजे संहिता बदलली तरी वाचनाची रीत तीच राहण्याचा धोका आहे. चाचणीतील पश्चात्ताप हाही साकांक्षच असतो: चूक झाली असे म्हणणारा पुनःप्रवेशाच्या अटी, वर्गणी, मुक्त संचार हे सर्व मान्य करतोच असे नाही. पुनःप्रवेश इष्ट असू शकेल. परंतु तो इष्ट का, हे त्याच्या समर्थकांनी स्वतःच्या नावावर सांगितले पाहिजे. जनतेला कर्तेपद देऊन स्वतः केवळ लेखनिक असल्याचा आव आणणारा राजकारणी वरकरणी विनम्र दिसतो. प्रत्यक्षात तो स्वतःच्या निर्णयाला प्रश्नांच्या कक्षेबाहेर नेतो, कारण लेखनिकाला कोणी जाब विचारत नाही. चांगला टीकाकार मूळ संहिता आणि स्वतःची टीका यांतील अंतर वाचकाला दिसू देतो, म्हणूनच वाचक त्याच्याशी मतभेद व्यक्त करू शकतो. ब्रिटनच्या सार्वजनिक वादात हे अंतर २०१६ नंतर बुजवले गेले. ते पुन्हा उघड केल्याने युरोपचा प्रश्न सुटणार नाही. मात्र तो कोण कोणाशी आणि कशाविषयी वाद घालत आहे, एवढे तरी स्पष्ट होईल.