वज्जींची सभा आणि आपली ग्रामसभा



मगधाचा राजा अजातशत्रू याला वज्जींचे गणराज्य बुडवायचे होते. त्याने आपला मंत्री वस्सकार याला राजगृहाच्या गृध्रकूट पर्वतावर तथागतांकडे पाठविले. तथागतांनी मंत्र्याला सरळ उत्तर दिले नाही. मागे उभा राहून वारा घालणाऱ्या आनंदाला त्यांनी विचारले, वज्जी वारंवार सभा भरवितात काय? एकोप्याने बसतात आणि एकोप्यानेच उठतात काय? स्त्रियांवर बळजबरी तर करीत नाहीत ना? असे सात प्रश्न झाले. सातांनाही आनंदाने अनुकूल उत्तर दिले. तेव्हा तथागत म्हणाले की, हे चालू आहे तोवर वज्जींची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही. वस्सकार काय ते समजला. यांना लढाईत जिंकता येणार नाही. गोड बोलून वळवावे लागेल, नाहीतर फूट पाडावी लागेल.

महापरिनिब्बान सुत्तातील ही हकिगत जुनी खरी, पण वस्सकार अजून मेलेला नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री तो आपल्या वस्तीत येतो. एका घरी पाकीट देतो, दुसऱ्या घरी बाटली, आणि तिसऱ्या घरी भावाविरुद्ध भावाचे कान भरतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना परमपूज्य बाबासाहेबांनी सांगितले की, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते. म्हणजे लोकशाही ही आपल्याला कोणी दिलेली भीक नव्हे, ती आपल्याच घरची ठेव आहे. त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला: राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालू राहिली तर लोकशाहीच धोक्यात येईल. ही विसंगती मिटविणे हेच राजकारणाचे प्रयोजन. खुर्ची हे साधन आहे, साध्य नव्हे.

नुसत्या ठरावाने मात्र काही होत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांमागे माणसे चालत तळ्यावर गेली, तेव्हा त्या कागदात जीव आला.

आज ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान आहे. ही दुरुस्ती १९९३ साली अमलात आली. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावेत असा नियम आहे. पण हा पैसा कुठे गेला हे सभेत उभे राहून विचारणारे आपल्यात किती?

उपासक-उपासिकांनो, रोज म्हणतो ते पंचशील येथेच कसाला लागते. सभेला न जाता शिपायाने घरी आणलेल्या वहीवर अंगठा उठविणे, हा मुसावाद नव्हे काय? वस्तीच्या गटारीचा पैसा दुसरीकडे वळविला जात असता तो घेणारा दुसरे शील मोडतो. पण आपण माहीत असून गप्प बसलो, तर त्या चोरीला आपलाही हातभार लागत नाही काय? मतासाठी आलेली दारू पिणाऱ्याचे तर पाचवे शीलही जाते आणि पाच वर्षेही जातात. निवडून आलेल्या भगिनीला घरात बसवून तिच्या खुर्चीवर नवऱ्याने बसणे, हे वज्जींच्या रीतीला शोभत नाही. मनुस्मृतीला मात्र शोभते.

म्हणून पुढच्या पौर्णिमेला वंदना झाली की विहारातच अर्धा तास बसा. येणाऱ्या ग्रामसभेत कोणता प्रश्न मांडायचा ते एकमताने ठरवा, लेखी लिहा, आणि तो एका उपासिकेने वाचून दाखवावा. सभेला सगळे मिळून जा, सगळे मिळून परत या. कडू बोलू नका, पण उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसू नका.

वज्जी एकत्र बसत होते तोवर अजिंक्य होते. आपले वेगळे काय असणार?

नमो बुद्धाय! जय भीम!