मुलाच्या प्रश्नाला घरात जागा



मुलाने कुरआनचे नाजरा वाचन पूर्ण केले की आपल्या घरांत मिठाई वाटली जाते, आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते, उस्तादांना भेट दिली जाते. हा आनंद योग्यच आहे. कुरआनच्या एकेका अक्षराच्या पठणावर दहा नेकी मिळतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. परंतु त्या दिवसानंतर काय घडते? ग्रंथ जुझदानात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर जातो आणि मूल शिकवणीच्या वर्गांकडे वळते. सूरह सादमध्ये अल्लाहने हा ग्रंथ उतरविण्याचा हेतू स्पष्ट केला आहे: लोकांनी त्याच्या आयतींवर चिंतन करावे. ज्या वयात चिंतन सुरू व्हायचे, नेमक्या त्याच वयात आपण ग्रंथ मिटून ठेवतो.

याचे परिणाम किती दूरवर जातात, याचे एक उदाहरण आपल्याच मुंबईतील आहे. थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्म १८९६ चा. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्यामुळे ते गिरगावजवळच्या खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. एकदा त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने टिपलेली चिमणी नेहमीसारखी नव्हती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, असे मुलाने विचारले. मामांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी मुलाला गप्प केले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे पाठविले. मिलार्ड यांनी पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण उघडून दाखविले आणि त्या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

याच बालपणात त्यांना कुरआनही शिकविला गेला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या आत्मचरित्रात ते लिहितात की, अरबीचा अर्थ न समजता आपण कुरआन वाचायला शिकलो आणि काही वडीलधार्‍यांच्या दिखाऊ धार्मिकतेमुळे नमाजविषयी मनात दुरावा निर्माण झाला. त्यांच्या अंतःकरणाचा हिशेब अल्लाहपाशी आहे. तो मांडण्याचा मला अधिकार नाही. मात्र पालक म्हणून आपण हे वाचून अस्वस्थ झाले पाहिजे. एकाच मुलाने पक्ष्याविषयी विचारले तेव्हा त्याच्यासाठी कपाटे उघडली गेली. अल्लाहच्या ग्रंथाचा अर्थ मात्र त्याच्यासाठी बंदच राहिला.

प्रेषितांची (स.) पद्धत कशी होती? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. प्रेषितांनी (स.) बैठकीत कोडे घातले: असा कोणता वृक्ष आहे, ज्याची पाने गळत नाहीत आणि जो मुस्लिमासारखा आहे? ज्येष्ठ मंडळी रानातील वृक्ष आठवू लागली. इब्ने उमर (र.) वयाने सर्वांत लहान, त्यांच्या मनात खजुरीचे झाड आले, पण थोरांसमोर बोलण्याचा संकोच वाटला. पुढे प्रेषितांनीच (स.) तेच उत्तर सांगितले. नंतर मुलाने ही गोष्ट वडिलांना सांगितली, तेव्हा हजरत उमर (र.) यांनी ‘थोरांत गप्प बसलास ते बरे केलेस’ अशी शाबासकी दिली नाही. तू बोलला असतास तर मला अमुक-अमुक संपत्तीपेक्षाही ते प्रिय वाटले असते, अशा आशयाचे त्यांचे उद्गार आहेत. आपल्याकडे मात्र धर्माच्या गोष्टीत मूल बोलले की त्याला बेअदब ठरविले जाते. हजरत इब्राहीम (अ.) यांना पुत्राच्या कुर्बानीचे स्वप्न पडले तेव्हा त्यांनी पुत्रालाच त्याचे मत विचारले, हे सूरह साफ्फातमध्ये आहे. अल्लाहच्या आज्ञेच्या बाबतीतही मुलाला विचारले गेले, मग आपल्या पंधरा मिनिटांच्या वाचनात का विचारू नये?

होय, पंधरा मिनिटे. त्याहून अधिक नको. सहाबा कंटाळू नयेत म्हणून प्रेषित (स.) दिवसांचे अंतर ठेवून उपदेश करीत, असे इब्ने मसऊद (र.) सांगतात. मग आठ वर्षांच्या मुलाला तासभर बसविणे कोणत्या सुन्नतीत बसते? लालबाग-परळच्या एका खोलीच्या बिर्‍हाडात वेगळी जागा मिळणार नाही हे खरे. पण मगरिबनंतर दूरदर्शन संच बंद करता येतो आणि मोबाइल बाजूला ठेवता येतो, आधी वडिलांचा, मग मुलांचा.

सूरह नम्लपासून आरंभ करावा. मुलाने तीन-चार आयती अरबीत वाचाव्यात, आईने किंवा ताईने मराठी अनुवाद वाचावा. मकतबमध्ये उर्दू, शाळेत इंग्रजी, घरी कोकणी बोली असा आपल्या मुलांचा प्रवास असतो. प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्या भाषेत संदेश घेऊन आला, असे सूरह इब्राहीम सांगते. तेव्हा मूल ज्या भाषेत भांडते आणि हट्ट करते, त्याच भाषेत त्याला अर्थ कळू द्यावा. मग हुदहुदवर थांबावे. हजेरीच्या वेळी तो गैरहजर, सुलैमान (अ.) संतप्त. एवढासा पक्षी येतो आणि बादशहाला सांगतो की, तुम्हाला ठाऊक नसलेली बातमी मी आणली आहे. येथे पुस्तक मिटून मुलांना विचारावे: आता सुलैमान (अ.) काय करतील? उत्तरे येऊ द्यावीत, चुकीचीही. पुढची आयत दुसर्‍या दिवशी वाचावी. त्यांनी त्या पक्ष्याला लगेच शिक्षाही केली नाही आणि लगेच विश्वासही ठेवला नाही, आधी पडताळणी केली, हे मुलांना रात्रभराच्या उत्सुकतेनंतर कळू द्यावे.

अनेक पालक म्हणतात, ‘मौलाना, आम्हालाच अरबी येत नाही, आम्ही काय शिकवणार?’ खेतवाडीतल्या मामांनाही त्या चिमणीचे नाव येत नव्हते. प्रश्न अडला तर अंदाजाने उत्तर देऊ नये. अल्लाहच्या ग्रंथाविषयी ते धोक्याचे आहे. ‘मला माहीत नाही, विचारू या’ असे म्हणून तो वहीत लिहून ठेवावा आणि जुम्याच्या नमाजनंतर वही इमामसाहेबांकडे न्यावी. ती मुलाच्याच हाती असावी. इमामांना माझी विनंती आहे की, उत्तर देताना वडिलांकडे नव्हे, मुलाकडे पाहून बोलावे. आणि ते मुलगी असेल, मशिदीत येत नसेल, तर तिच्या नावाने उत्तर त्याच वहीत लिहून पाठवावे.