यंत्राचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा असतां आपल्याकडे एक विधि सांगितला आहे. जुनी मूर्ति हालविण्यापूर्वीं तिच्यांतील देवत्व मंत्रांनीं एका कलशांत आणून ठेवावयाचें, काम पुरें होईपर्यंत पूजा त्या कलशाची करावयाची, आणि मग तें पुनः स्थापन करावयाचें. या विधीवर ज्याची श्रद्धा नाहीं त्यानेंहि त्यामागील विचार लक्षांत घेण्याजोगा आहे. दगड बदलले तरी चालतील, परंतु ज्याच्यासाठीं दगड होते तें मध्यंतरीं हरवतां कामा नये, अशी ही दक्षता आहे. यंत्राच्या जीर्णोद्धारांत असा कलश कोठें असतो, हा प्रश्न आम्हांस अलीकडे पडला. त्यास निमित्त झालें तें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं, आणि आमच्या तारापूर-बोईसरच्या बाजूसहि, दिसणाऱ्या एका छंदाचें. पोलीस खात्यानें मोडींत काढलेली जुनी मोटारसायकल, विशेषतः बुलेट, लिलावांतून किंवा भंगारवाल्याकडून मिळवावयाची आणि तिला पुनः रस्त्यावर आणावयाची, असा हा छंद आहे.

ही गाडी मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. स्वातंत्र्यानंतर लष्कर व पोलीस यांच्या गस्तीसाठीं भारत सरकारनें ती पसंत केली, ८०० गाड्यांची मागणी केली, आणि १९५५ सालीं मद्रास येथें तिच्यासाठीं कंपनी निघाली. पुढें रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद पडला आणि थोड्याच वर्षांत मूळ इंग्रजी कंपनीहि संपली. मद्रासेंत मात्र ओतीव लोखंडाच्या इंजिनाची तीच गाडी त्यानंतर सुमारें चार दशकें निघत राहिली. अस्सल निवर्तलें आणि नक्कल नांदली, इतकी कीं आज कोणी तिला नक्कल म्हणणार नाहीं. जिची कुळकथाच अशी, तिच्या बाबतींत ‘मूळ’ या शब्दाचा हट्ट धरणें थोडें विनोदीच आहे.

तरी हट्ट धरला जातो, आणि सुटे भाग शोधतांना तो जाचूं लागतो. जुन्या बुलेटचे बोल्ट इंग्रजी आट्यांचे. आजचा मेट्रिक बोल्ट त्यांत बसत नाहीं, आणि बळेंच फिरविला तर आटे जातात. तिची वीज सहा व्होल्टची, तिचा गिअर उजव्या पायाखालीं. ॲमलचा कार्ब्युरेटर हवा असेल तर मुंबईस चोरबाजारांतील मटन स्ट्रीट किंवा कुर्ल्याच्या भंगाराच्या गल्ल्या पालथ्या घालाव्या लागतात, आणि तेथें मिळेल तो बहुधा आपल्याजवळच्या इतकाच झिजलेला असतो. जें मिळत नाहीं तें घडवावें लागतें. या बाबतींत बोईसरची बाजू भाग्यवान म्हणावयाची. औद्योगिक वसाहतीमुळें लेथवर काम करणारे तरबेज हात येथें आहेत, आणि चिंचणी-तारापूरकडे दागिन्यांच्या डाय कोरणारे कारागीरहि आहेत, ज्यांच्या नजरेला केसाएवढा फरक दिसतो. झिजलेला सिलिंडर बोअर करावयाचा तो दर खेपेस इंचाच्या वीस सहस्रांशांनीं, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालावयाचा. दोनतीन खेपांनंतर भिंत पातळ झाली कीं आंत नवी स्लीव्ह बसवावयाची. त्यानंतर इंजिन पहिल्यासारखा ठोका देऊं लागतें. परंतु ज्या भिंतीनें पहिला ठोका ऐकला होता, तिचा कीस लेथखालच्या पत्र्यांत पडलेला असतो.

मिलिंद राजाला नागसेन भिक्षूनें नेमकें हेंच रथाच्या दृष्टांतानें विचारलें होतें. आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? नाहीं, नाहीं म्हणतां म्हणतां राजाला कबूल करावें लागलें कीं, रथ हें या साऱ्यांच्या जुळणीला दिलेलें नांव आहे. ग्रीकांनीं हाच विचार थीसियसच्या जहाजावरून केला. अथेन्सचे लोक त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलीत, आणि जहाज तेंच कीं दुसरें यावरून तत्त्वज्ञांत दोन तट पडत, असें प्लूटार्क सांगतो. सतराव्या शतकांत हॉब्ज या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें त्यांत आणखी एक पेंच घातला : काढलेल्या फळ्या कोणीं सांठवून त्यांचें दुसरें जहाज उभें केलें, तर खरें कोणतें? हा पेंच पुस्तकी वाटेल. पण गॅरेजांत तो नेहमीं पडतो. एका गाडीची काढलेली टाकी, हँडल आणि मडगार्ड दुसऱ्या सांगाड्यावर चढतात, आणि दोन्ही मालक आपलीच गाडी खरी म्हणून सांगतात. आर.टी.ओ. कचेरीचें उत्तर सोपें आहे : जिच्या चासीवर नंबर ठोकलेला आहे ती. राज्यकारभाराला एवढें पुरतें. आमच्या प्रश्नाला पुरत नाहीं.

कां पुरत नाहीं, हें तारापूरकरांच्या दाराशींच दिसतें. येथील अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकन बनावटीचे. ते १९६९ सालीं सुरू झाले. १९७४ च्या पोखरण चांचणीनंतर अमेरिकेनें हात आखडता घेतला. पुढें इंधन फ्रान्सकडून आणावें लागलें आणि कित्येक भाग देशांतच घडवावे लागले. त्या केंद्राचा किती अंश मूळचा राहिला, असा प्रश्न कोणी करीत नाहीं, आणि करूंहि नये. त्याच्याकडून आपल्याला वीज हवी आहे. जो भाग तिच्या आड येईल तो बदललाच पाहिजे. निवृत्त मोटारसायकलीची गोष्ट उलट आहे. कामासाठीं आज तिच्याहून वेगवान व कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या आहेत. तिचें काम संपलें; तिच्यापाशीं उरली आहे ती केलेल्या कामाची खूण. म्हणून चालत्या यंत्रांत जी झीज दोष, तीच हिच्या अंगावर साक्ष ठरते. पिस्टन बदलावा, ब्रेकचे लायनर बदलावे, वायरिंग नवें घालावें. त्यांवांचून गाडी चालणार नाहीं, आणि चालली तर चालविणाऱ्याचा जीव धोक्यांत येईल. परंतु भोंगा बसविण्यासाठीं पाडलेलीं भोकें, पायानें गुळगुळीत झालेलें फूटरेस्टचें रबर, वरच्या रंगाखालीं दिसणारा खात्याचा पहिला रंग, हें सारें नाहींसें करण्यास कारण काय? आमच्या मतें कलश येथें आहे. आणि हौशी लोक नेमका तोच अगोदर घासून काढतात.

कोणी म्हणेल, पोलिसांच्या खुणांचें एवढें कौतुक कशास? प्रश्न रास्त आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघर येथें मोर्चावर गोळीबार झाला आणि पांच जण हुतात्मे झाले. गांवाला तो दिवस विसरतां येत नाहीं. ते परक्या सरकारचे पोलीस होते, ही गाडी स्वतंत्र देशाच्या पोलिसांची, हा भेद मोठा आहे. तरी पोलिसांची गाडी दाराशीं थांबली कीं मदत आली असें वाटणारे आणि पोटांत गोळा येणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक आजहि आहेत. चकचकीत करून प्रदर्शनांत मांडलेली गाडी पहिल्यांचीच हकीकत सांगते. ओरखडे राखलेली गाडी निदान कोणाची बाजू घेत नाहीं.

याहून वाईट प्रकार म्हणजे साध्या बुलेटला खात्याचा रंग देऊन ती निवृत्त पोलिसी गाडी म्हणून विकणें. येथें खोटें दोनदां बोललें जातें : गिऱ्हाइकाशीं इतिहासाविषयीं, आणि रस्त्यावरील माणसाशीं अधिकाराविषयीं. अधिकार कांहीं गाडीबरोबर लिलावांत विकला जात नाहीं. खऱ्या निवृत्त गाडीवरचीं ‘पोलीस’ हीं अक्षरेंहि रस्त्यावर जाण्यापूर्वीं झांकलींच पाहिजेत. खरवडूं मात्र नयेत.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली जात नाहीं. एक गाडी पुरी करण्यासाठीं पुष्कळदां दुसरी मोडावी लागते. अपघातांत सांगाडा वांकलेली गाडी मोडण्यास आमची हरकत नाहीं. परंतु एका जुन्या टाकीसाठीं चालती गाडी उघडी पाडणें हा लोभ आहे. आणि फार स्वस्तांत मिळालेला भाग कोणाच्या चोरलेल्या गाडीचा तर नाहीं, याची चौकशी न करणें हा त्याच लोभाचा सभ्य प्रकार. हा मोह यापुढें वाढणार, अशीं चिन्हें आहेत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते, आणि तीं नोंदणीकृत केंद्रांतच मोडावीं लागतात. धूर ओकणाऱ्या बसगाड्यांपुरता हा नियम योग्यच आहे. परंतु पन्नास वर्षें पुरीं झालेल्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देणारे नियमहि केंद्र सरकारनेंच २०२१ सालीं केले, आणि वाहन मूळ स्वरूपांत असावें, त्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यांत घातली. पंधराव्या वर्षीं जी मोडली, तिनें पन्नाशी गांठावी कशी?

प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयांत निवृत्त गाड्यांपैकीं एखादी, न रंगवितां, तिच्या लॉगबुकासह ठेवून देण्यास सरकारला फारसा खर्च येऊं नये. खाजगी मालकांनीं एक वही ठेवावी : कोणता भाग केव्हां काढला, कोणता कुर्ल्याहून आणला, कोणता बोईसरच्या लेथवर नव्यानें घडविला. काढलेला भाग फेकूं नये. चिठ्ठी बांधून डब्यांत ठेवावा, आणि गाडी विकतांना वही व डबा दोन्ही घेणाऱ्याच्या स्वाधीन करावीं. अशानें किंमत कदाचित् थोडी कमी येईल, विशेषतः जो गृहस्थ ‘सगळें ओरिजिनल आहे ना?’ एवढेंच विचारीत येतो त्याच्याकडून.