मंदन

नववीच्या वर्गात फळ्यावर ‘डिसेलरेशन’ लिहून शेजारी ‘मंदन’ लिहिलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. एकदा एकाने विचारलंच, “सर, मंद म्हणजे ढ ना?” घाटकोपरला ३० वर्षं विज्ञान शिकवलं मी, पण त्या दिवशी “गप्प बस” यापलीकडे काही सुचलं नाही.

ज्योतिषात मंद हे शनीचं नाव. शनैश्चर, हळू चालणारा. आमची आई मुलुंडला दर शनिवारी मारुतीला तेल वाहायची. साडेसाती ही देवाने दिलेली शिक्षाच, असं तिचं ठाम मत. मी तिच्यापुढे गणित मांडायचो : शनीची सूर्याभोवती एक फेरी सुमारे २९.५ वर्षांची. भागिले बारा राशी, एका राशीत साधारण अडीच वर्षं. तीन राशींची झाली साडेसात. “आई, ही शिक्षा नाही, वेळापत्रक आहे.” ती म्हणायची, “वेळापत्रक चुकवत नाही त्याचीच धास्ती असते, बाबा.”

आणि तो हळू तरी कुठे? सेकंदाला सुमारे ९.७ किलोमीटर. मुलुंडहून सुटला तर नाहूर, भांडुप, कांजूर करत सेकंदात विक्रोळी मागे टाकेल. त्याची वाट लांबची, आणि आपण बघतोही लांबून.

माझी ये-जा सगळी स्लो लोकलची. घाटकोपर आलं की ब्रेक लागतो आणि दारातली माणसं एकदम पुढे झुकतात. पोरांना मी हेच सांगायचो : गाडीचा वेग कमी झाला, तुमच्या अंगाचा अजून नाही. घर्षण सोडा, पण जेवढ्या वेळात वेग घेतला तेवढ्याच वेळात थांबायचं, तर बलही तेवढंच लागतं, फक्त उलट्या दिशेने. हळू होणं म्हणजे जोर संपणं नव्हे. ‘ढ’वाल्याला एवढं सांगता आलं असतं.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मन हळूहळू शांत करायला सांगितलंय, तिथे ‘शनैः’ शब्द दोनदा येतो. व्याकरणवाले त्याला द्विरुक्ती म्हणतील. मला आपलं वाटतं, पहिला गाडीसाठी, दुसरा आतल्या प्रवाशासाठी.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. सकाळचे सहा चाळीस झाले की अजून चपला शोधायला लागतो.