विचारायचं कुणी?

सावनेरहून नागपूरला जाणारी एसटी छिंदवाडा रोडने शहरात शिरते तेव्हा वाटेत प्रादेशिक मनोरुग्णालय लागतं. तिथल्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौकच म्हणतात. झोप उडालेल्या, चूपचाप राहणाऱ्या कास्तकाराला ‘तिथं उतर’ म्हणून सांगणं सोपं नाही. त्याआधी गावातच कुणीतरी त्याच्यापाशी बसायला हवं.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच साध्या माणसांना त्यासाठी तयार केलं. नैराश्य असलेल्यांपैकी आधी जेमतेम ४.३ टक्के लोक मदतीपर्यंत पोचत. दीडेक वर्षात ते २७.२ टक्के झाले, असं २०१७ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आलं. चारातले जवळपास तीन तरीही राहिलेच, हेही खरं.

अशा प्रशिक्षणात पहिलं शिकायचं ते गप्प बसायला. आपल्याकडे खचलेला माणूस दिसला की जो तो सुरू होतो: मन घट्ट कर, लेकराबाळांकडे पाहा, अमक्याची तर अख्खी बाग वाळली. हे सगळं गिळायचं आणि ऐकायचं. मग जिभेवर न येणारा प्रश्न सरळ विचारायचा: ‘भाऊ, जीव द्यायचे विचार येऊन राहिले का मनात?’ विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती सगळ्यांनाच वाटते. अभ्यास तसं सांगत नाहीत. पुष्कळांना उलट हायसं वाटतं. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवायचं, ‘टेलि-मानस’ या मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन लावायचा, डॉक्टरकडे सोबत जायचं. स्वतः डॉक्टर व्हायचं नाही.

शिकवायचं कुणाला? सरकारी उत्तर ठरलेलं: आशाताई. जणू तिच्याकडे कामं कमी आहेत! माझ्या मते सावनेरच्या कृषी केंद्रांत गल्ल्यावर बसणाऱ्यांना आधी बोलवावं. संत्र्याची गळ कुणाकडे किती झाली, कोण हल्ली नजर चुकवतो, हे त्यांना घरच्यांच्याही आधी कळतं. पण त्याच गल्ल्यात उधारीची वही असते. ज्याचे पैसे थकले त्याच्यापाशी मन कोण मोकळं करणार? मग सलूनवाल्याला शिकवा. तिथं खुर्चीत बसून राहावंच लागतं, आणि बोलताना नजरेला नजरही द्यावी लागत नाही.