दारातला तारा कोणासाठी?



आगमन काळ संपत आला. घराघरांवर चांदण्या लागल्या, मुलांनी गोठ्यासाठी पेंढा आणि माती गोळा केली. तुमच्यापैकी जे जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीला होते, त्यांना फिलिपिन्सचे सहकारी नक्कीच आठवत असतील. सप्टेंबर उजाडला की ही मंडळी नाताळची गाणी सुरू करतात! त्यांच्या घरांच्या सजावटीकडे आज थोडे पाहू या. तिच्यात आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

फिलिपिनो घराची मुख्य सजावट म्हणजे ‘पारोल’, म्हणजेच ताऱ्याच्या आकाराचा कंदील. हा शब्द कंदिलासाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरून आला. बांबूच्या कामट्या, पातळ रंगीत कागद, पाच टोके आणि खाली दोन झिरमिळ्या अशी त्याची साधी बांधणी. पूर्वी आत मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा असे, आता विजेचे दिवे असतात. पांपांगा प्रांतातील सान फर्नांडो शहरात हजारो दिव्यांचे, घराएवढे उंच पारोल बनतात. काही पारोल शिंपल्यांच्या पातळ, अर्धपारदर्शक चकत्यांचे असतात. अशाच शिंपल्या गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना आपण पाहिल्या असतील.

पण हा कंदील नुसत्या शोभेसाठी नव्हता. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तेथे पहाटेच्या अंधारात मिस्सा होते. तिला ‘सिंबांग गाबी’ म्हणतात. शेतकरी कामावर जाण्याआधी मिस्सेला येत, आणि त्यांच्या वाटेवर पारोलचा उजेड पडे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १५ डिसेंबर २०१९ रोजी रोममधील फिलिपिनो स्थलांतरितांसोबत संत पेत्राच्या महामंदिरात याच परंपरेची मिस्सा अर्पण केली होती.

संत ऑगस्टीन वस्तू आणि खूण यांत भेद करतात. खूण स्वतःकडे नव्हे, तर दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवते. बेथलेहेमचा तारा अशीच खूण होती. ज्ञानी लोक ताऱ्यापाशी थांबले नाहीत. तारा थांबला तेथे ते घरात गेले आणि बाळापुढे नतमस्तक झाले (मत्तय २:९-११). आपण मात्र पुष्कळदा ताऱ्यापाशीच थांबतो. कोणाची रोषणाई मोठी, कोणाचा गोठा पहिला आला, याच चर्चेत आपला नाताळ संपतो.

फिलिपिन्समध्ये आणखी एक प्रथा आहे, ‘पानुनुलुयान’. नाताळच्या आदल्या रात्री योसेफ व मरियेच्या वेशातील जोडपे दारोदार जाऊन गाण्यातून आसरा मागते. प्रत्येक दारातून नकार मिळतो आणि शेवटी ते मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी चर्चमध्ये पोहोचतात. विचार करा, नकार देणाऱ्या त्या घरांच्या दारातही पारोल पेटलेला असतो! दारात तारा आहे, पण दार बंद आहे. तेथे ते नाटक असते. आपल्याकडे काय असते?

एकाच अंगणात राहणारे दोन भाऊ जमिनीच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे बोलत नाहीत. दोघांच्याही दारात चांदणी लागते. कामासाठी आलेले एखादे कुटुंब भाड्याने खोली मागते. आपण आधी त्यांचे गाव आणि जात विचारतो. मुले परदेशी गेलेली आजी गॅलरीत बसून आपली रोषणाई पाहते. आपण तिच्याकडे कुसवाराचे ताट पाठवतो, पण तिच्यापाशी बसायला कोणी जात नाही. प्रभू स्वतःच्या लोकांकडे आला आणि त्यांनीच त्याला स्वीकारले नाही, असे योहान सांगतो (१:११). हे वचन केवळ त्या काळच्या लोकांसाठी लिहिले आहे काय?

८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने टाक्लोबान शहर उद्ध्वस्त केले. त्या वादळात फिलिपिन्समध्ये सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. दीड महिन्यात नाताळ आला. मोडक्या घरांवर आणि तंबूंवर लोकांनी हाताला लागेल त्या वस्तूंचे तारे लावले. दाखवण्यासारखे त्यांच्याकडे काहीच उरले नव्हते. उरली होती ती फक्त खूण, की देव आपल्याला सोडून गेलेला नाही. सजावटीचा खरा अर्थ हाच.

म्हणून या आठवड्यात एवढे करू या. चांदणीचे बटण दाबण्याआधी घरातील सर्वांनी मिळून एक प्रार्थना करावी. मग एकमेकांना विचारावे : आपले दार कोणासाठी बंद आहे? त्या एका माणसाचे नाव घ्यावे आणि नाताळच्या मिस्सेआधी त्याच्या दारी जावे. तो दार उघडेल की नाही, हे आपल्या हाती नाही. जाणे मात्र आपल्या हाती आहे.

बाळ येशू आपल्या प्रत्येक घरात उतारा मिळवो, हीच प्रार्थना. सर्वांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू